धानाच्या बांध्यांवरची विमाने

मोडलेली वस्तू पुन्हा करावयाची झाली की ती पहिल्यापेक्षा जाड करावी, ही मनुष्याची उपजत बुद्धी आहे. आणि बैलगाडीचे जू, घराचे दार, वाडीचे कुंपण यांच्या बाबतीत ती सहसा खरीही ठरते. खेळातल्या विमानाचा पंख ही मात्र अशी चमत्कारिक वस्तू आहे की तिच्यापुढे ही बुद्धी जवळजवळ प्रत्येक वेळी हार खाते, आणि ती का हार खाते हे मुलांना समजावून देता देता, किंबहुना त्यांच्याबरोबर स्वतः समजून घेता घेता, माझ्या शिक्षकी पेशाची उमेदीची वर्षे मुलचेऱ्याच्या परिसरात गेली.

महाविद्यालयात असताना नागपूरला राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेत मी दाखल झालो होतो. विमानांच्या लहान प्रतिकृती करणे आणि उडविणे हा त्या शाखेत रीतसर शिकविला जाणारा विषय आहे, आणि तेथे मी जे काही शिकलो ते सारे बाल्साच्या लाकडावर शिकलो. हे लाकूड दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः इक्वेडोरचे. घनमीटरला साधारण दीडशे किलो भरणारे, म्हणजे आपल्या सागवानाच्या सुमारे चौथ्या हिश्शाचे, आणि दाढीच्या पात्याने कापता येईल इतके मऊ. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, आणि त्यानंतर काही काळाने या नव्या जिल्ह्यात विज्ञानशिक्षक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझ्या पेटीत बाल्साच्या चार-दोन पट्ट्या होत्या. त्या पहिल्या पावसाळ्याआधीच संपल्या. नागपूर दूर, टपालाने मागवावे तर तो खर्च शाळेच्या सादिलवारीत बसणारा नव्हे. साग, ऐन, बिजा आणि बांबू यांचे अरण्य जेथे दाराशी उभे आहे, तेथे एका परदेशी लाकडावाचून अडून बसणे मला लाजिरवाणे वाटू लागले.

माझ्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती तो घरीच ऐकत आलेला, आणि हात तर वडिलांच्या रंध्यावर बसलेला; त्याने साठ सेंटिमीटर लांबीचा पंख सागाच्या पट्ट्यांतून असा रेखीव घडविला की शिक्षकांच्या खोलीत तो सर्वांनी हातात घेऊन पाहिला. त्याच मापाचे दुसरे विमान दोन मुलींनी सुपाच्या उरलेल्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांतून केले होते, आणि त्याला रेखीव म्हणण्याचे धाडस त्यांच्या आयांनीही केले नसते. पहिल्याचे एकूण वजन चाळीस ग्रॅमच्या घरात, दुसऱ्याचे वीसच्या. धानाची कापणी होऊन गेलेली, बांध्या मोकळ्या झालेल्या. अशा एका निवांत सकाळी ती दोन्ही एकाच धुऱ्यावरून सोडण्यात आली. सागवानी विमान सरळ, वेगाने आणि मोठ्या ऐटीत निघाले, समोरच्या धुऱ्यावर आदळले आणि त्याचा पंख बुडाशी मोडला. कागदी विमान रेंगाळत, डोलत खाली उतरले, धसकटांवरून घसरत गेले आणि जसेच्या तसे उभे राहिले. मुलाने पंख दुरुस्त करताना बुडाशी आणखी एक पट्टी बसविली. दुसऱ्या दिवशी तो पंख अधिकच जोराने मोडला.

फळ्यावर आम्ही जो हिशेब मांडला तो साधा होता, पण त्या मुलांच्या दृष्टीने नवा होता. पंखाचे क्षेत्रफळ तेच ठेवून विमानाचे वजन दुप्पट केले, तर हवेत तरंगून राहण्यासाठी त्याला सुमारे 1.41 पट वेगाने धावावे लागते. आदळताना जी ऊर्जा पंखाला सोसावी लागते ती वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वजनाने दुप्पट आणि वेगाने पुन्हा दुप्पट, अशी चौपट होते. आणि उंची न गमावता उडत राहण्यासाठी लागणारी शक्ती पावणेतीन पटींच्या वर जाते, म्हणजे विमान चालविणाऱ्या रबराचा पीळही तितकाच वाढवावा लागतो, तो पीळ सोसण्यासाठी धड जाड करावे लागते, आणि वजनाचा हा फेरा कोठेच थांबत नाही. पंखाला वाचविण्यासाठी घातलेले लाकूडच पंखाला मोडते, हे त्या आकड्यांतून दिसले तेव्हा सुताराचा मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तर मग सर, बारीक करायचं ते कुठपर्यंत?" मी म्हणालो, "मोडेपर्यंत. आणि जिथं मोडेल तिथंच, तेवढंच वाढवायचं." हे उत्तर मी त्या क्षणी विचार न करता दिले असले, तरी पुढे आमच्या सगळ्या कामाचा तोच शिरस्ता झाला.

बांबू मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकविला. आमच्या रानात मानवेल विपुल. कोरड्या उतारावर वाढलेला मानवेल तर आतून जवळजवळ भरीव असतो. चिमटीत मावेल इतकी बारीक कामटी काढणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती एका माडिया मुलाच्या अंगी उपजत असावी तशी होती. तो काडी नेहमी बरोबर मध्यातून चिरी. चीर एका बाजूला पळू लागली की जाड राहिलेल्या अर्ध्या भागाला अंगठ्याने अधिक वाकवी, आणि चीर मुकाट्याने पुन्हा मध्यावर येई. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात, हे मी त्याला पुस्तकातून सांगितले. पण साल कधीही तासू नये, तासायचे ते आतूनच, हे तो आधीपासून पाळत आला होता, कारण धनुष्याच्या बाबतीत त्याच्या घरी तसाच दंडक होता. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असे गावकरी सांगत. चंद्राचा यात कितपत संबंध आहे याविषयी मी साशंक आहे. परंतु कीड येते ती बांबूतल्या पिठूळ अंशासाठी, आणि तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची त्यांची रीत तो अंश धुऊन काढते, यात मात्र शंका नाही.

एका काठीच्या बांबूचाही त्या काळी कायदा होता. बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे बांबूने भरलेले ट्रक रस्त्याने जात असत, आणि शाळकरी पोराने रानातून एक काठी आणली तर तिचा परवाना कोठे, असा प्रश्न निघू शके. म्हणून आम्ही आमची काठी बुरडाकडून, त्याला निस्ताराच्या सवलतीत मिळालेल्या बांबूतून, रोख पैसे देऊन घेत असू. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 साली वनहक्क मिळाला, 2011 साली त्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले, आणि 2017 साली वनाबाहेरचा बांबू कायद्याने वृक्षांच्या यादीतून वगळला गेला. इतक्या मोठ्या घडामोडींचा आमच्या कामट्यांशी संबंध नगण्य; तरी त्या वार्ता मी वर्गात मोठ्या हौसेने वाचून दाखविल्या.

आता पंखाविषयी. पंख म्हणजे एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी सोडलेली तुळई होय. हवा तिला सर्व लांबीभर वर उचलते. त्यामुळे वाकविण्याचा ताण बुडाशी सर्वाधिक आणि टोकाशी शून्य असतो. असे असता कणा आरंभापासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा ठेवणे म्हणजे निम्मे वजन निष्कारण वाहणे. आम्ही तो बुडाशी तीन मिलिमीटर उंच ठेवून टोकाकडे एक मिलिमीटरपर्यंत उतरवीत नेऊ. पुन्हा त्या कण्याच्या उभ्या छेदात पाहिले, तर वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला जवळजवळ बेकार असतो. तेव्हा एका जाड कामटीऐवजी दोन पातळ कामट्या अंतरावर ठेवून मधे केवळ त्यांना धरून ठेवण्यापुरते काही भरावे, हे ओघाने आले. बांबू बाल्साच्या चौपट जड असूनही पंखाला चालतो तो एवढ्याचसाठी की, तो अतिशय बारीक काढता येतो आणि जेथे खरोखर ताण आहे तेथेच ठेवता येतो. साठ सेंटिमीटर लांब आणि दहा रुंद अशा पंखात कण्याला दोन ग्रॅमच्या आत, पुढच्या आणि मागच्या कडांना मिळून दोनेक, मेणबत्तीच्या ज्योतीवर बाक दिलेल्या फासळ्यांना सव्वा, कागदाला सव्वा आणि खळीला उरलेले, असा सात ग्रॅमचा पंख आमच्या शाळेत पुढे पुढे सातवीची मुलेसुद्धा करू लागली. शेपटीच्या बाबतीत मात्र मी जुलमी होतो. विमानाचे नाक आखूड आणि शेपूट लांब असल्यामुळे शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमचा तोल सांभाळण्यास नाकात दोन-तीन ग्रॅमची माती थापावी लागते, आणि या नियमाला कोणाच्याही गोंडस रंगकामाची माफी नसे.

पण हे सर्व ग्रॅम मोजावयाचे कशावर? शाळेचा तराजू प्रयोगशाळेच्या कुलुपात, आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या दप्तरात. मुलांनी कामटीचा काटा आणि बाटलीच्या बुचांची पारडी करून आपला तराजू उभा केला, आणि वजने म्हणून रानातल्या वेलीवरच्या गुंजा घेतल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे गुंज सुमारे 0.12 ग्रॅमची. बिया लहान-मोठ्या निघतात, म्हणून मूठभर घेऊन सरासरी काढावी लागे. पुढे 2011 साली रुपयाचे 3.79 ग्रॅमचे नवे नाणे आले, तेव्हा एकतीस गुंजांनी तोलून पडताळाही पाहता आला. गुंज विषारी असते, ती दाताखाली धरू नये, ही ताकीद मी वर्षानुवर्षे पहिल्याच तासाला देत आलो. या तराजूने जे केले ते माझ्या व्याख्यानांनी केले नव्हते. फासळीला खळ लावून आलेला मुलगा ती तोलून पाही, खळीनेच चार गुंजा वाढविल्या हे त्याला दिसे, आणि तो कोणी न सांगता पुढच्या सांध्यावरची जादा खळ ओल्या बोटाने पुसून काढी. हलकेपणा हा सामानाचा गुण नसून हिशेबाचा आहे, हे मत माझ्या मनात त्या गुंजांमुळे कायम झाले.

मुलचेरा तालुक्यात 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची पुनर्वसित गावे आहेत, आणि त्या गावांतली मुले माझ्या वर्गात असत. त्यांच्यापैकी एकाने थोरल्या भावाच्या लग्नातला टोपोर, म्हणजे नवरदेवाचा शुभ्र मुकुट, मोडका झाला म्हणून माझ्याकडे आणला. तो शोल्याचा, आपल्याकडे बाशिंगे ज्याची करतात त्या भेंडाचा, होता. इतका हलका वनस्पतिजन्य पदार्थ मी तोवर हातात घेतला नव्हता. बाल्सासुद्धा त्याच्यापुढे जड. सबंध पंख याचाच करावा, असा ठराव वर्गाने तत्काळ एकमताने केला, आणि तो पंख नखाच्या दाबाने चेपला, ओल्या हवेत फुगला आणि पहिल्या फेकीत दुमडला. दोन कामट्यांच्या मधली ती भरण्याची जागा मात्र भेंडाने अशी उत्तम भरून काढली की, बांबू आणि भेंड यांचा तो जोडकणा ही आमच्या शाळेची खरी मिळकत आहे असे मी समजतो. वरती बांबू ताण घेतो, मधला भेंड त्याला नुसता जागेवर ठेवतो. माडियाच्या घरचे कौशल्य आणि बंगाल्याच्या घरचा मुकुट एका पंखात आले, याचे मला जेवढे अप्रूप वाटले तेवढे मुलांना वाटले नाही. त्यांना विमान उडाल्याशी कर्तव्य होते.

कागद चढविण्याची विद्या बांबूहून नाजूक. पतंगाचा ताव हातात घेऊन फाडून पाहावा. ज्या दिशेने तो सरळ फाटतो ती त्याच्या तंतूंची दिशा, आणि ती पंखाच्या लांबीशी समांतर ठेवावी, नाही तर फासळ्यांच्या मधे कागद खोल बसतो. चिकटविल्यानंतर त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून पंख सपाट फळीवर टाचून ठेवावा. वाळताना कागद आक्रसतो आणि ढोलासारखा ताठ होतो. टाचण्यास आळस केला, तर तोच आक्रसणारा कागद कामट्यांना पिळून काढतो. आमच्याकडे आषाढ-श्रावणात हवा इतकी ओली की माघात ताठ असलेला पंख त्या दिवसांत सैल पडून वाकडा होई. सुताराकडचे चपड्याचे पॉलिश स्पिरिटात पातळ करून त्याचा एक हात दिला तर ओल कमी लागते, मात्र वजन वाढते आणि कागद ठिसूळ होतो. तेव्हा पावसाळ्यात विमाने करू नयेत, गणिते करावीत, असा तोडगा मी काढला. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून पीळ काढता येतो, हेही खरे. एकदा अशीच वाफ घेऊन मी एका मुलीच्या पंखाचा पीळ काढावयास गेलो, तेव्हा तिने मला अडविले. "राहू द्या सर. सरळ केलं तर ते जंगलात जाईल. आता ते गोल फिरून इथंच उतरतं." दोन्ही टोकांच्या मागच्या कडा किंचित वर वळविलेल्या असाव्यात म्हणजे वेग मंदावला तरी टोके आधी कोसळत नाहीत, एवढे मी शिकविले होते, एका बाजूचा पीळ जाणून-बुजून राखून विमानाला बांधीच्या हद्दीत फिरवत ठेवावे, हे तिने स्वतःच्या निरीक्षणातून काढले.

जंगलात जाणे ही भीती काल्पनिक नव्हती. फाल्गुनात उन्हे चढू लागली की तापलेल्या बांध्यांवरून उष्ण हवेचे प्रवाह वर उठतात. घारी ज्या ठिकाणी पंख न हलविता घिरट्या घेतात तेथे आमचे वीस ग्रॅमचे विमान सापडले, की रबराचा पीळ संपल्यावरही ते खाली यावयाचे नाव घेत नसे. परदेशातील खेळाडू यावर जळत्या वातीचा उपाय करीत. वात ठराविक वेळाने दोरा जाळते, शेपूट वर उचलली जाते आणि विमान उतरते. सागाचा वाळका पाला गुडघाभर साचलेला आणि वणव्याचे दिवस चालू असता, जळती वात आकाशात पाठविण्यास माझे मन कदापि धजले नाही. पिळाचे फेरे मोजून देणे आणि दिवस उगवण्याच्या सुमारास, हवा निश्चल असता उडविणे, एवढ्यावरच आम्ही भागविले.

एक विमान तरीही गेले, आणि नक्षलवादाचा तो काळ असल्यामुळे ते गस्तीवरच्या शिपायांना झाडीत सापडले. मला ठाण्यात बोलावून जबाब घेण्यात आला. अंमलदार सभ्य होते, परंतु रबराच्या पिळावर उडणाऱ्या वस्तूला कोणत्या सदरात नोंदवावे हे त्यांना कळेना, आणि "यात यंत्र कुठं आहे?" हा त्यांचा प्रश्न, यंत्र नाहीच म्हटल्यावर, अधिकच गंभीर झाला. शेवटी ठाण्याच्या आवारातच मी ते उडवून दाखविले. खुलासा मंजूर झाला. तेव्हापासून प्रत्येक पंखावर शाळेचे नाव आणि परत करण्याची विनंती मराठीत आणि बंगालीत लिहिण्याचा, तसेच उड्डाणाच्या दिवसाची आगाऊ वर्दी ठाण्यात देण्याचा नियम झाला. त्या शाईचे वजन किती, हेही मुलांनी तोलून पाहिले. काट्याला ते समजले नाही.

थर्मोकोलविषयी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडकेच आहे. दूरचित्रवाणी संचांच्या खोक्यांतून ते गावात आले. तापलेल्या तारेने लोण्यासारखे कापले जाते, तासाभरात पंख तयार होतो. 2018 साली राज्य शासनाने थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आणली, तरी खोक्यांतले मिळतच राहिले. मला त्याचा विशेष राग नाही. पण ज्या मुलांनी पहिला पंख थर्मोकोलचा केला त्यांना ताण कोठे आहे हे विचारले असता सांगता येत नसे, कारण पंख आतून त्यांनी पाहिलेलाच नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मी मुलांना एक गोष्ट सांगत असे. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात अल्फोंस पेनो नावाच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे अवघ्या सोळा ग्रॅमचे विमान सोडले, ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेले. राइट बंधूंच्या उड्डाणाला तेव्हा 32 वर्षे अवकाश होता. बंद सभागृहात उडविण्याची पंचावन्न सेंटिमीटर पंखांची, दीड ग्रॅमच्या आसपासची विमाने आज अर्धा तास हवेत राहतात, हे ऐकल्यावर वर्गात पहिला प्रश्न नेहमी एकच येई: "सर, मग आपला नुसता सात ग्रॅमचा पंखसुद्धा जडच की!" अर्थात जडच.

निवृत्तीनंतर विज्ञान प्रदर्शनांना मी प्रेक्षक म्हणून जातो. एका प्रदर्शनात रंगविलेले, खिडक्या काढलेले, न उडणारे जेट विमान बक्षीस घेऊन गेले, आणि शेजारच्या टेबलावरचे बांबू-भेंडाचे, अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ हवेत राहणारे विमान अपूर्ण प्रतिकृती म्हणून बाजूला राहिले. परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या गुणपत्रिकेत मांडणी, रंगसंगती आणि सादरीकरण हे रकाने होते आणि ते त्यांनी इमानाने भरले. माझा अर्ज इतकाच आहे की, जेथे विमाने मांडली जातात तेथे त्या पत्रिकेत आणखी दोन रकाने काढावेत, एक ग्रॅमचा आणि एक सेकंदांचा. ग्रॅम दाखविणारा खिशातला काटा आता पाचशे रुपयांच्या आत मिळतो, आणि सेकंद मोजण्यास प्रत्येक परीक्षकाजवळ मोबाईल असतोच.